अवघड माल आणि चांगला माल : एका खेळातील पारख

पैठण गेटच्या परिसरात मोबाईल विक्रीची आणि दुरुस्तीची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की काउंटरमागचा मुलगा स्वतःचा फोन काढतो. पडद्यावर एक छोटा चौकोन गाण्याच्या ठेक्यावर धावत असतो. बोट टेकवले की तो उडी मारतो. काट्याला लागला की फुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारी बसलेल्या वडिलांना किंवा चाचांना हा निव्वळ रिकामा उद्योग वाटतो.

पण खेळ संपल्यावर त्यातली काही मुले एक निराळेच काम करतात. ती चार ओळी लिहितात : "सुरुवात चांगली आहे. मध्ये एक काटा सजावटीत लपला आहे. शेवटी ठेका सुटतो. सहा तारे मागितले आहेत, चारच योग्य." व्यापारी बांधवांनी या ओळी लक्ष देऊन वाचाव्यात. हा मुलगा खेळत नाही, तो दुसऱ्याने घडवलेला माल तपासतो आहे. छत्रपती संभाजीनगर म्हणजेच औरंगाबाद हे शहर शतकानुशतके हिमरूची आणि पैठणीची पारख करीत आले आहे. त्या शहराला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

खेळ कोणता?

या खेळाचे नाव 'जिऑमेट्री डॅश'. स्वीडन देशातील रॉबर्ट टोपाला या तरुणाने तो तयार केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये मोबाईलवर आणला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये तो संगणकावरही आला. खेळाची रीत सोपी आहे. चौकोन आपोआप पुढे जातो, खेळणाऱ्याने फक्त वेळेवर बोट टेकवायचे. वाटेत चौकोनाचे कधी विमान होते, कधी चेंडू होतो, कधी गुरुत्वाकर्षण उलटते आणि छतावरून धावावे लागते. प्रत्येक टप्प्याला, म्हणजे 'लेव्हल'ला एक गाणे असते. उड्या त्या गाण्याच्या ठेक्याला धरून रचलेल्या असतात.

या खेळात पैजा नाहीत. पूर्ण खेळ एकदा विकत घ्यायचा असतो आणि त्याची छोटी आवृत्ती फुकट मिळते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्या जातीचा हा खेळ नव्हे, हे पालकांनी आधी समजून घ्यावे.

माल गिऱ्हाइकानेच घडवायचा

मालकाने स्वतः बनवलेल्या मुख्य लेव्हल अवघ्या बावीस आहेत. एवढ्या भांडवलावर कोणतेही दुकान दहा-बारा वर्षे चालत नाही. ते चालले, कारण खेळाबरोबर मालकाने गिऱ्हाइकाच्या हाती कारखानाच दिला. खेळातच 'एडिटर' आहे. त्यात पडद्यावर चौकटी आखलेल्या असतात. कोणीही त्या चौकटींत ठोकळे, काटे, रंग, दिवे बसवावेत, गाणे निवडावे आणि आपली लेव्हल जगापुढे ठेवावी. प्रत्येक लेव्हलला क्रमांक मिळतो. आज नव्या लेव्हलचा क्रमांक नऊ आकडी असतो. त्यावरून या बाजारात किती माल येऊन पडला आहे याची कल्पना यावी.

ज्यांच्या घरी विणकाम झाले आहे त्यांना ही चौकट ओळखीची वाटेल. विणकरही नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घर भरत उतरवतो. एक घर चुकले की पुढची वेल वाकडी जाते. हिमरूचे ताणे सुताचे आणि बाणा रेशमाचा. जुन्या मागावर वर बसलेला मदतनीस नक्षीचे दोर ओढायचा आणि खाली बसलेला विणकर धोटा फेकायचा. दोघांचा ठेका जुळला तरच बुट्टी नीट उतरायची. ठेका आणि चौकट या दोनच गोष्टींवर तेव्हा कापड उभे राहत असे. आज मुलांच्या फोनमधला हा खेळही त्याच दोन गोष्टींवर उभा आहे.

आधी स्वतः वापरा, मग बाजारात आणा

या बाजाराचा पहिला नियम आपल्या प्रत्येक दुकानात लिहून लावावा असा आहे. ज्याने लेव्हल बनवली, त्याने ती स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न फुटता पार केली पाहिजे. त्याशिवाय ती लोकांपुढे ठेवताच येत नाही. सरावासाठी मध्ये खुणा ठेवून खेळण्याची सोय आहे, पण ती पार केलेली मोजली जात नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०१५ मध्ये 'सुपर मारिओ मेकर' हा असाच घडवणुकीचा खेळ काढला. त्यातही हीच अट होती.

अर्थ उघड आहे. जे आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. चप्पल बनवणाऱ्याने आधी ती घालून चार पावले चालावे.

तरीही लबाडी होतेच. काही जण संगणकाची करामत करून न खेळताच लेव्हल पार झाल्याचे दाखवतात. म्हणून सर्वांत कठीण लेव्हलींची 'डेमनलिस्ट' नावाची जी यादी खेळाडूच चालवतात, तिच्यात नाव नोंदवायला चित्रफीत द्यावी लागते. अति कठीण लेव्हलींच्या बाबतीत बोट किंवा माऊस दाबल्याचा आवाजही त्यात ऐकू यावा लागतो. सराफ नाणे दगडावर वाजवून ऐकायचा, त्यातलाच हा प्रकार.

दोन मापे, दोन तराजू

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लेव्हलला एक ते दहा तारे मिळतात. नवशिक्याला हे तारे गुणवत्तेचे वाटतात. तसे नाही. तारे सांगतात की लेव्हल किती अवघड आहे. दोन तारे म्हणजे सोपी, चार-पाच म्हणजे कठीण, आठ-नऊ म्हणजे अति कठीण आणि दहा तारे म्हणजे 'डेमन'. डेमनमध्येही पुन्हा पाच पायऱ्या आहेत.

लेव्हल चांगली आहे की नाही, हे दुसरे माप सांगते. चांगल्या लेव्हलला 'फीचर्ड' हा मान मिळतो, त्याहून सरस असेल तर 'एपिक'. १९ डिसेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर त्यावर 'लेजेंडरी' आणि 'मिथिक' अशा आणखी दोन पायऱ्या आल्या. त्यामुळे दोन ताऱ्यांची साधी लेव्हल मोठा मान मिळवू शकते आणि दहा ताऱ्यांची भयंकर लेव्हल नुसत्या ताऱ्यांवर राहू शकते.

अवघड वेगळे आणि चांगले वेगळे, हे या मुलांना फार लवकर कळते. आपल्या बाजारात मात्र या दोहोंची सरमिसळ रोज होते. कारागीर म्हणतो, "या नगाला तीन महिने लागले." त्याचे म्हणणे खरे असते आणि त्या मेहनतीचा दाम त्याला मिळालाच पाहिजे. पण तीन महिने लागले म्हणून नग निर्दोष ठरत नाही. उलट दोन दिवसांत झालेले साधे, सफाईदार काम हलके मानून कमी भावात उचलले जाते, तोही अन्यायच. मेहनतीचे माप एक आणि सफाईचे माप दुसरे. दोन्ही वेगळी सांगितली तर भावावरची निम्मी भांडणे मिटतील.

चांगला परीक्षक काय पाहतो?

लेव्हल तपासणारी जाणती मुले साधारण पाच गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट ठेका. उडी ढोलाच्या ठोक्यावर पडते की त्याच्या आगेमागे? गाणे संथ झाले असता काट्यांची गर्दी तशीच राहिली का?

दुसरी दृष्टी. सजावट इतकी झाली आहे का की खरा काटा आणि शोभेचा काटा यात फरकच कळत नाही? हा दोष फार आढळतो. बनवणाऱ्याला आपली लेव्हल पाठ असते, म्हणून त्याला सर्व दिसते. नव्या माणसाला काहीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट समतोल. नव्वद टक्के वाट सोपी आणि शेवटी एकच उडी अशक्य, असे असेल तर तो पूर्ण माल बिघडला. एखादा कच्चा दुवा सगळी साखळी कमकुवत करतो.

चौथी चोरवाट. बनवणाऱ्याने न योजलेली एखादी फट राहिली आहे का, जिच्यातून खेळाडू सर्व अडथळे टाळून निघून जाईल? परीक्षक मुद्दाम चुकीच्या जागी उड्या मारून अशी फट शोधतो. पैठणी घेणारी जाणती बाई जशी पदर उलटून मागची बाजू पाहते, तसेच हे आहे. अस्सल हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच सफाईची दिसते.

पाचवी गोष्ट गरीब गिऱ्हाईक. भारी सजावटीची लेव्हल स्वस्त फोनवर अडखळते. म्हणून बनवणारा 'लो डिटेल मोड' नावाची सोय ठेवू शकतो. ते बटण दाबले की जास्तीची सजावट गळते आणि खेळ सुरळीत चालतो. परीक्षक विचारतो, ही सोय ठेवली आहे का? महागड्या फोनवाल्यासाठीच माल बनवायचा की सर्वांसाठी, हा प्रश्न त्यात आहे.

यावर एक सहावी गोष्ट आहे, ती बोलण्याच्या रीतीची. "बेकार आहे" असे लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांच्या शब्दाला किंमत नसते. खरा परीक्षक किती टक्क्यांवर, कोणत्या जागी, काय चुकले आणि काय केले तर सुधारेल, हे सांगतो. बनवणारा त्याच रात्री दुरुस्ती करू शकतो. दोष जागेसह सांगितला तर ती मदत होते, नुसता सांगितला तर अपमान होतो.

शिफारस एकाची, शिक्का दुसऱ्याचा

मोठ्या मानाचा निर्णय कसा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. खेळाडूंमधूनच काही जण 'मॉडरेटर' नेमलेले असतात. ते लेव्हल खेळून पाहतात आणि इतके तारे द्यावेत, फीचर्ड करावी, अशी शिफारस वर पाठवतात. अंतिम शिक्का टोपाला यांचा. बनवणाऱ्याला स्वतःच्या मालावर शिक्का मारता येत नाही.

आपल्याकडे सोन्याच्या हॉलमार्कचे तत्त्व हेच आहे. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. दागिना सराफ विकतो, पण शुद्धता तपासणारे केंद्र वेगळे असते आणि दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक कोरला जातो. विकणारा आणि पारखणारा वेगळे असले म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

मात्र खेळातील पद्धतीत उणीव आहे, ती लपवून चालणार नाही. माल अफाट आणि परीक्षक मोजके. त्यामुळे अनेक चांगल्या लेव्हल कोणाच्या नजरेलाच पडत नाहीत. ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याचा माल लवकर पाहिला जातो. लहान कारागिराचे हे दुःख आपल्याला नवे नाही. म्हणूनच कोणतेही पद नसताना अनोळखी मुलाची लेव्हल खेळून प्रामाणिक चार ओळी लिहिणाऱ्या साध्या परीक्षकाचे मोल मोठे आहे. बिननावाच्या कारागिराला पहिला न्याय त्याच्याकडूनच मिळतो.

पदरात काय पडते?

व्यापारी वाचक विचारतील, यात मिळकत किती? उत्तर स्पष्ट द्यायला हवे. लेव्हलला तारे मिळाले की बनवणाऱ्याला एक 'क्रिएटर पॉइंट' मिळतो, मोठा मान मिळाला तर अधिक. हे गुण नावासाठी आहेत, त्यांनी दुकानाचे भाडे भरता येत नाही. महिनोन्‌महिने राबून एक लेव्हल उभी करणाऱ्या मुलाला खेळाकडून मजुरी मिळत नाही आणि ती तपासणाऱ्या साध्या खेळाडूलाही नाही. पालकांनी हे मुलांशी मोकळेपणाने बोलावे. अभ्यास, झोप आणि दुकानाची वेळ यांचा हिशोब आधी, खेळ नंतर.

पण हुन्नर वाया जात नाही. खेळ तपासणे हा आज पगारी व्यवसाय आहे. फ्रान्सच्या युबीसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये पुण्यात आपला स्टुडिओ सुरू केला आणि तेथे खेळ तपासण्याचे कामही झाले. असे काम मागायला जाणाऱ्या मुलाने "मला खेळायला आवडते" एवढेच सांगून भागणार नाही. त्याने लिहिलेली परीक्षणे दाखवावीत : दोष कोणता, कोठे, पुन्हा कसा घडवून दाखवता येतो, उपाय काय. अशी शंभर परीक्षणे तारखेसह वहीत नोंदलेली असतील तर ती त्याच्या कामाचा दाखला ठरतील.

आणि समजा तो त्या वाटेला गेला नाही, वडिलांच्याच गादीवर बसला, तरी नुकसान नाही. एक प्रयोग करून पाहावा. दुकानातला एक नग मुलासमोर ठेवावा आणि सांगावे, "जशी ती लेव्हल तपासतोस तसा हा तपास." मेहनत किती आणि सफाई किती, दोन वेगळे आकडे द्यायला सांगावे. दोष बोट ठेवून दाखवायला सांगावे. नवख्या गिऱ्हाइकाला काय दिसणार नाही, ते विचारावे. स्वस्तातल्या गिऱ्हाइकासाठी काय करता येईल, तेही विचारावे.

आपल्याला वर्षानुवर्षे पाठ झालेला माल तो प्रथमच पाहत असेल. त्याचे उत्तर कदाचित टोचेल. ते ऐकून घ्यावे, रागावू नये. आपलाच मुलगा आपल्या मालाचा दोष जागेसह सांगतो आहे, तोही गिऱ्हाइकाने सांगण्याच्या आधी.