पाणी मागणारा ख्रिस्त

दोन वर्षांपूर्वी कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात एका तरुण मित्राने मला सर्वांसमोर विचारले, “सर, रविवारी तुम्ही चर्चमध्ये गुडघे टेकता आणि सोमवारी आमच्याबरोबर मोर्चात येता. यातले खरे कोणते?” हशा पिकला. मीही हसलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दलित ख्रिस्ती माणसाने त्याचे उत्तर एकदा नीट दिले पाहिजे. श्रद्धा, शिष्यत्व आणि आशा हे आमच्या मंडळीत रोज उच्चारले जाणारे तीन शब्द. रोजच्या जगण्यात त्यांचा अर्थ काय, एवढेच येथे मांडतो.

मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. आमचा पणजा नगर जिल्ह्यातल्या (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) एका महारवाड्यातला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. पुढे मिशनकडे जी माणसे वळली, त्यांत महार आणि मांग मोठ्या संख्येने होते. मराठी वाङ्मयात मात्र ख्रिस्ती म्हटले की १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक आठवतात, लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आठवते. ती माणसे थोरच होती. पण ज्यांनी शेणामातीच्या हातांनी मंडळ्या उभ्या केल्या, त्या आमच्या पूर्वजांची स्मृतिचित्रे कोणी लिहिली? त्यांच्या वाट्याला आला तो टोमणा: दुधाच्या पावडरीसाठी बाटलेले!

या टोमण्याला आमच्यातले शिकलेले लोक फार लाजतात. मी लाजत नाही. उपाशी माणूस भाकरीकडे गेला, यात शरम त्याची नव्हे, त्याला उपाशी ठेवणाऱ्या गावाची आहे. आणि गोष्ट भाकरीचीही नव्हती. पणज्याला शाळेत आत बसवले, नावाने हाक मारली, हे तो मरेपर्यंत सांगत होता असे आजी सांगे. ज्याला गावाने आयुष्यभर ‘अरे’वर ठेवले, त्याला ती हाकच बाप्तिस्म्याच्या पाण्याइतकी मोलाची वाटली असेल.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्याकडे पाहा. तीत आधी देवाचे राज्य पृथ्वीवर येवो असे मागणे आहे. मेल्यावर आम्हांला तिकडे ने, असे नाही. त्यानंतर मागणे आहे ते अन्नाचे. पापांची क्षमा त्याच्याही नंतर येते. मराठी भाषांतरात त्या अन्नाला ‘भाकर’ हा शब्द आहे. निरक्षर आजी त्या शब्दावर क्षणभर थांबत असे. त्या प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही, ‘आमची’ आहे. वर्षाची साठवण नाही, रोजची आहे. म्हणजे शेजारच्या चुलीवर तवा नसेल तर माझी प्रार्थना अर्धीच राहिली. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून घेणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या साध्या हिशेबाचा विचार करावा.

आता शिष्यत्व. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात विहिरीची एक गोष्ट आहे. भर दुपारी येशू शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीवर थकून बसला आहे. शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके समजत, त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. आणि येशू त्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होऊन विचारते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता?

हा प्रश्न समजायला आम्हांला भाष्यग्रंथ लागत नाही. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती ज्या व्यवस्थेविरुद्ध, तिचीच ही दुसरी जागा. फरक एवढाच की तेथे नाकारलेल्यांनी आपला हक्क घेतला. येथे वरचा मानला गेलेला माणूस खाली बसून नाकारलेल्या बाईचे भांडे मागतो. पुढे ती घागर तेथेच टाकून गावात जाते आणि तिच्या शब्दावर गाव येशूकडे येते. येशू त्या गावात दोन दिवस राहतो. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्या हातचे जेवला, त्यांच्या घरात झोपला.

शिष्यत्वाचा अर्थ मी या गोष्टीत पाहतो. देणारा होणे सोपे आहे. मिशनने दिले, सरकार देते, शेठजीही देतो. देणाऱ्याचा हात वरच राहतो. घेणारा होणे, ज्याचा स्पर्श विटाळ मानला त्याच्या हातचे मागून पिणे, यात माणसाचे वरचेपण गळून पडते.

या कसोटीवर आमची मंडळी उतरली का? नाही. माझ्या लहानपणी आमच्या चर्चमध्ये महार ख्रिस्ती एका बाजूला आणि मांग ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसत. नियम नव्हता, सवय होती. प्रभुभोजनाचा प्याला एक, पण सोयरीक वेगळी. माझ्या आत्याने मांग ख्रिस्ती घरातला मुलगा पसंत केला, तेव्हा बायबल तोंडपाठ असणाऱ्या माझ्या आजोबांनीच ते लग्न मोडले. तमिळनाडूत तर तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना वेगळे पाडणारी भिंत उभी केली गेली. चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहेत, हे कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणात मान्य केले. मान्य करायला किती शतके लागली!

बाबासाहेबांनी हे फार आधी पाहिले होते. १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर सांगितला, आणि त्याच भाषणात, तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत, असेही सुनावले. ते बोल आजही आम्हांला लागू आहेत. १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मविद्यालयात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची गरज मांडली. दलित ईश्वरविद्येचा प्रवाह त्यातून वाहू लागला. दलितांचे दुःख हेच ख्रिस्ती विचाराचे आरंभस्थान असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पण तो विचार विद्यालयातून आमच्या व्यासपीठापर्यंत फारसा पोचला नाही.

हे मी कोरडेपणाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला गावात लग्नाच्या वरातीवरून मारहाण झाली. मारणाऱ्यांनी जातीच्या शिव्या दिल्या. आम्ही तक्रार द्यायला गेलो. उत्तर मिळाले, दाखल्यावर ख्रिस्ती आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. गावाने मारताना दाखला पाहिला नव्हता. कायद्याने मात्र पाहिला. आमच्या पाळकांनी प्रार्थना केली आणि क्षमा करायला सांगितले. त्या रात्री साक्षीदार म्हणून सही करायला आले ते बौद्धवाडीतले दोन तरुण. त्यांनी गावचे काम गमावले.

आणि मी? माझी नोकरी तासिकांवरची, संस्थेचे पदाधिकारी त्याच गावच्या सोयऱ्यांतले. मी तिसऱ्या दिवशी गेलो. घायाळ माणसाला ओलांडून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला शोमरोनी, ही येशूची गोष्ट मी लहानपणापासून सांगत आलो होतो. त्या आठवड्यात मला त्या गोष्टीतली माझी जागा कळली. शोमरोनी होते ते बौद्धवाडीतले तरुण. शिष्यत्व चर्चच्या नोंदवहीत नावाने ठरत नाही, हे मी तेथे शिकलो.

राहता राहिली आशा. हा शब्द सर्वांत जास्त नासलेला. ‘वर सुख मिळेल’ असे सांगून खालच्या माणसाला गप्प बसवणारी आशा ही अफूच आहे. तिच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण मत्तयाच्या विसाव्या अध्यायात वेगळी आशा आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला जातो. दिवस मावळायला आला तरी काही माणसे उभीच. का उभे आहात, असे विचारल्यावर ती म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी मालक त्यांनाही पूर्ण दिवसाचा एक दिनार देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात.

माझे वडील मजुरांच्या नाक्यावर उभे राहत. ही गोष्ट वाचली की म्हणत, “शेवटी राहतो तो आळशी नसतो रे, त्याला कोणी घेत नाही. आणि पोटं तर त्याच्याही घरी तेवढीच असतात.” एवढे भाष्य मला पुरते. मजुरी किती तासांची हा बाजाराचा प्रश्न; घरात किती तोंडे हा देवाच्या राज्याचा प्रश्न. आशा म्हणजे हा दुसरा प्रश्न रोज, मोठ्याने, विचारत राहणे.

तो विचारायच्या जागाही ठरलेल्या आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची ओळख हिंदू धर्माशी बांधली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. महाराष्ट्रात आम्हांला इतर मागासवर्गात धरतात, पण अत्याचाराच्या कायद्याचे संरक्षण त्याने मिळत नाही. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या सूसाई या ख्रिस्ती आदिद्रविडाला, हिंदू चर्मकारांना मिळालेली सरकारी टपरी नाकारली गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही तशीच हलाखी उरते याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये पुन्हा नवा आयोग नेमला गेला.

बौद्ध मित्रांना १९५६ पासून १९९० पर्यंत चौतीस वर्षे हाच दरवाजा ठोठवावा लागला. म्हणून ही मागणी त्यांना परकी वाटू नये. ताटातला घास कमी होईल ही त्यांची भीती मी समजतो. त्यावर उत्तर ताट मोठे करण्याच्या लढ्याचे आहे, आणि तो लढा आम्ही चर्चच्या भिंतीआडून नव्हे, रस्त्यावर येऊन लढला पाहिजे.

त्या तरुण मित्राला मी शिबिरात उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. रविवार आणि सोमवार दोन नाहीत. रविवारी मी ‘आमची’ भाकर मागतो. सोमवारी त्या ‘आमची’त कोण कोण येते ते ठरते. ज्या सोमवारी मी घरात बसलो, त्याच्या आदल्या रविवारची माझी प्रार्थना खोटी होती. आमच्या ख्रिस्ती बांधवांना एवढेच सांगणे: देणारे होण्याचा मोठेपणा पुरे झाला. बौद्धवाडीत जा, मांगवाड्यात जा, आणि आधी पाणी मागा.