कापलेला कर परत मागा, तो आपलाच पैसा आहे



हंगाम संपून वाहतुकीची बिले हाती पडली की आमच्या शेतकी विभागात एक प्रश्न हमखास येतो. परवा एक ट्रॅक्टरमालक सभासद बिल घेऊनच आले. "साहेब, उसाच्या बिलातनं कर जात नाही, मग वाहतुकीच्या बिलातनं सहा हजार कुठं गेलं?"

प्रश्न रास्त आहे. ऊस हे शेतीचे उत्पन्न, त्यावर आयकर नाही. पण तोडणी-वाहतूक हा ठेका धरला जातो. एका वेळचे बिल ३०,००० रुपयांवर किंवा वर्षाची एकूण रक्कम १,००,००० रुपयांवर गेली, की वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलातून शेकडा १ रुपया कापून सरकारात भरणे कारखान्याला भागच आहे. पॅन दिला नाही तर शेकडा २०! यांचे बिल सहा लाखांचे, म्हणून सहा हजार गेले.

हा पैसा कारखान्याकडे राहत नाही आणि बुडतही नाही. तो पॅनवर आयकर खात्यात जमा असतो. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार वजा जाता नफा थोडाच उरतो. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सवलत असल्याने बहुतेकांना कर बसत नाही. (उसाचे उत्पन्न मात्र विवरणपत्रात दाखवावे लागते, कराचा दर काढताना ते धरतात.) मग कापलेली रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरून मागितली तरच.

या सभासदांनी पत्रक भरले होते, तरी पैसे आले नाहीत. करार आणि पॅन थोरल्या भावाचा, पत्रक भरले धाकट्याने! त्यांच्या पॅनवर जमा दिसणार कुठून?

तेव्हा एवढे कराच:

१) ट्रॅक्टर ज्याचा, करार त्याच्या नावे आणि पॅनही त्याचाच. पॅन आधारशी जोडलेला हवा.

२) लेखा विभागातून कपातीचा दाखला घ्या. आयकर खात्यातील जमेशी तो ताडून पाहा. फरक असेल तर पत्रक भरण्याआधी सांगा.

३) मजुरांना वाटलेल्या मजुरीची नोंद वहीत ठेवा. बिल आपल्या नावे निघते. त्यातला मजुरांचा वाटा वहीच दाखवते.

४) मुदतीत पत्रक भरा आणि ३० दिवसांत त्याची पडताळणी करा. ती राहिली तर भरलेले पत्रक वाया जाते.

काट्यावर वजन थोडे कमी भरले तरी आपण जाब विचारतो. मग घामाच्या सहा हजारांवर पाणी का सोडायचे? अडचण असल्यास कागद घेऊन गट ऑफिसला या.

— ऊस विकास अधिकारी