बर्गामोटचं तेल अस्सल आहे, हे कशावरून?

अर्ल ग्रे चहाला जो खास वास येतो तो चहापत्तीचा नसतो, बर्गामोट नावाच्या फळाच्या सालीतल्या तेलाचा असतो. हे लिंबूवर्गीय फळ मुख्यतः दक्षिण इटलीत, कालाब्रियाच्या किनारपट्टीवर पिकतं. १८व्या शतकात जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना यांनी बनवलेल्या 'ओ द कोलोन'पासून आजपर्यंत परफ्युमवाले या तेलावर जीव टाकतात.

लहानपणी संत्र्याची साल कुणाच्या तरी डोळ्यांसमोर पिळायचा उद्योग तुम्हीही केला असेल. तो फवारा म्हणजे सालीतलं तेलच. बर्गामोटच्या सालीतूनही ते उष्णता न देता, खरवडून आणि दाबून काढतात. एक किलो तेलाला साधारण २०० किलो फळं लागतात. इतका महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच.

आता समजा तुमच्या हातात एक बाटली आहे आणि ती अस्सल आहे का, हे सांगायचंय. पहिला विचार येतो जीसी-एमएसचा. नमुना सोडला, आलेखावर पीक आले (शेतातलं पीक नव्हे!), लायब्ररीने नावं सांगितली: लिमोनीन, लिनालिल अॅसिटेट, लिनालूल. प्रमाणंही पुस्तकातल्या मर्यादेत. लिहायचं का 'शुद्ध'?

थांबा. भेसळ करणाऱ्यालाही त्या मर्यादा माहीत असतात. तो कारखान्यात बनलेलं स्वस्त लिनालिल अॅसिटेट बरोबर तेवढंच घालतो. साध्या कॉलमवर दोघांचा पीक एकच, मास स्पेक्ट्रमही एकच.

फरक आहे तो रेणूच्या हातात. लिनालिल अॅसिटेटची एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात, आर आणि एस. झाडातली एन्झाइम्स निवडक असतात. बर्गामोटमध्ये जवळजवळ सगळं आर रूपच बनतं. (गंमत म्हणजे आपल्या धण्याच्या तेलातलं लिनालूल बहुतांश एस असतं.) नेहमीच्या कारखानी पद्धतीत मात्र दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात. सायक्लोडेक्स्ट्रिनचा कायरल कॉलम लावला की एका पीकचे दोन होतात आणि चोरी दिसते.

हिशोब करून बघा. समजा एस रूप १० टक्के निघालं. कारखानी मालात प्रत्येक एसबरोबर एक आर येतो, म्हणजे त्यातलं २० टक्के लिनालिल अॅसिटेट बाहेरचं. तेलात हा घटक ३० टक्के असेल, तर एकूण तेलाच्या ६ टक्के भेसळ. हा आकडा साध्या जीसीवर कधीच दिसला नसता.

पण म्हणून कायरल कॉलमलाही देव मानू नका. लव्हेंडरच्या तेलातलं लिनालिल अॅसिटेटही मुख्यतः आर रूपातच असतं. ते कुणी मिसळलं तर ही परीक्षा तो पास होईल. उलट, आंबट रसासकट फळ पाण्यात उकळून तेल काढलं, तर आम्ल आणि उष्णतेमुळे लिनालूलचं काही प्रमाणात एस रूप तयार होऊ शकतं. तिथे कुणी बाहेरून काहीच घातलेलं नसतं.

मग सालीतले न उडणारे घटक बघायचे, एचपीएलसीवर. दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन सापडतं. ते नाही मिळालं म्हणजे नकली? तसंही नाही. बर्गाप्टेन त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात, म्हणून परफ्युमसाठी ते मुद्दाम काढून टाकलेलं तेलही राजरोस विकलं जातं.

म्हणजे 'अस्सल' या शब्दाचे इथे निदान तीन अर्थ झाले: बाहेरून काही न घातलेलं, फक्त याच फळाचं, आणि सालीतून आलं तसंच्या तसं. सिनॉप्सिसमध्ये 'शुद्धता तपासणे' एवढंच लिहिलंत तर व्हायवात पहिला प्रश्न इथेच येणार. यातला कुठला अर्थ तपासताय ते आधी ठरवा, मग कॉलमचं कोटेशन मागवा. आणि तुलनेसाठीचा नमुना बाजारातून आणणार असाल, तर तो अस्सल आहे हे कशावरून? शक्य असेल तर फळं मिळवा आणि साल स्वतः दाबा.