आवाज गेला, की फक्त अडला?

लिनक्सवर चालणारा संगणक अपग्रेड केला, पुन्हा सुरू केला. चित्र दिसतं, आवाज मात्र नाही. घरी असं झालं तर गाणी अडतात. पण दूरच्या आरोग्य केंद्रात तज्ज्ञांचा सल्ला ज्या संगणकावरून मिळतो, तोच मुका झाला तर रुग्ण ताटकळतात. अशा वेळी घाईघाईने सगळी प्रणाली पुसून नव्याने टाकणं म्हणजे पोट दुखतं म्हणून तपासणीआधीच शस्त्रक्रिया करणं.

निदानाची रीत इथेही तीच. आधी सोपं, मग अवघड. आणि एका वेळी एकच बदल.

कमी ऐकू येणाऱ्या रुग्णाच्या कानात आम्ही आधी मळ पाहतो. तसं इथे स्पीकरची वायर पाहा. मग सेटिंगमध्ये आवाज कुठे जातोय ते तपासा. अपग्रेडनंतर तो पुष्कळदा स्पीकरऐवजी एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे वळलेला असतो. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर आवाज बंद आहे. ‘एम’ ही कळ दाबली की तो सुरू होतो.

सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर दोष आणखी आत आहे. कानाचे डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आधी कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरतात. अडथळा ध्वनीच्या वाटेत आहे की आतल्या कानात वा नसेत, याचा त्यावरून अंदाज येतो. संगणकात हे काम ‘एप्ले’ ही आज्ञा ‘वजा एल’ जोडून दिली की होतं. यादीत साउंड कार्ड दिसलं, तर कर्नलने ते ओळखलं आहे. दोष बहुधा वरच्या थरात, म्हणजे पल्सऑडिओ किंवा पाइपवायरमध्ये. फेडोराने २०२१ मध्ये पहिलं सोडून दुसरं स्वीकारलं, नंतर इतरही त्या वाटेने गेले. या बदलात जुनं-नवं एकमेकांच्या आड येऊ शकतं. ती सेवा पुन्हा सुरू करून पाहा.

यादीत कार्डच नसेल, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर तपासा. इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ लागतं. संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचं कर्नल निवडा. आवाज परतला, तर कार्ड शाबूत आहे. नवा भाग खरेदी करू नका. नवं औषध थांबवल्यावर पुरळ ओसरावं, तसाच हा पुरावा.

संगणक दोन दिवस थांबू शकतो, कान नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणत बसू नका. कानात तेलही घालू नका. शक्यतो त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आतल्या कानाचा दोष असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो. तिथे जुन्या कर्नलकडे परतण्याची सोय नसते.