काडतूस मिळतंय तोवर

नागपूरकराला 'मेयो' म्हटलं की इस्पितळ आठवतं. ते ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तो लॉर्ड मेयो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होण्याआधी बरीच वर्षं 'लॉर्ड नास' या नावानं वावरत होता. नास हे आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्याचं मुख्य गाव, डब्लिनच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर. फेब्रुवारी १८७२मध्ये पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदीनं मेयोला सुऱ्यानं भोसकून मारलं. त्याचा मृतदेह आयर्लंडला नेऊन नासशेजारच्या जॉन्सटाउनमध्ये पुरला. माणूस पक्का शिकारी होता. किल्डेअरच्या शिकारी कुत्र्यांच्या कळपाचा प्रमुख म्हणूनही त्यानं काही काळ काम पाहिलं.

त्या वर्तुळात बंदूक म्हणजे दुनळी. दोन नळ्या, दोन बार, मग उघडा आणि पुन्हा भरा. एका नळीतून पाठोपाठ पाच-सहा बार काढणारी 'पंप ॲक्शन' बंदूक आली ती मेयोच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, तीही अमेरिकेतून. आयरिश आणि इंग्रज जमीनदारांनी तिला कायम नाक मुरडलं. खानदानी शिकारीत हे यंत्र शोभत नाही, असा त्यांचा पक्का समज. आज मात्र तीच पंप ॲक्शन संग्राहकांना भुरळ घालते आणि कायद्याला कोड्यात टाकते, कारण सव्वाशेहून अधिक वर्षांची होऊनही ती म्हातारी व्हायला तयार नाही.

स्पेन्सर ते विंचेस्टर

क्रिस्टोफर स्पेन्सर आणि सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८८२ साली पेटंट घेतलं आणि बाजारात चाललेली पहिली पंप ॲक्शन त्यातून आली. खरा जम बसवला तो जॉन ब्राउनिंगनं. त्याच्या आराखड्यावर विंचेस्टर कंपनीनं १८९३चं मॉडेल काढलं. पण तो काळ काळी दारू मागे पडून बिनधुराची दारू रुळण्याचा होता. नव्या दारूचा जोर पेलावा म्हणून सांगाडा भक्कम करून १८९७चं मॉडेल आलं आणि ते १९५७पर्यंत बनत राहिलं, दहा लाखांच्या वर. पुढे १९१२चं मॉडेल, रेमिंग्टनची ३१, इथाकाची ३७ आणि १९५०ची रेमिंग्टन ८७० अशी वंशावळ वाढत गेली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक आखूड नळीची '९७' घेऊन खंदकांत उतरले. सप्टेंबर १९१८मध्ये जर्मनीनं रीतसर निषेध नोंदवला, की हे शस्त्र नाहक यातना देणारं आणि म्हणून युद्धनियमांविरुद्ध आहे. अमेरिकेनं तो फेटाळला. विषारी वायू सोडणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी, यातला विरोधाभास तेव्हाही लोकांच्या नजरेतून सुटला नव्हता.

ही '९७' हातात घेतली की पहिल्यांदा दिसतो तो उघडा घोडा. पुढची लाकडी मूठ सायकलच्या पंपासारखी मागे ओढायची. तशी आतली पोलादी खीळ सांगाड्याच्या पाठीतून बाहेर येते, घोडा चढवते आणि रिकामं काडतूस उजवीकडे फेकते. मूठ पुढे ढकलली की नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस उचललं जाऊन जागेवर बसतं. ही खीळ बाहेर येते ती नेमकी धरणाऱ्याच्या अंगठ्यावरून. पकड जरा वर सरकली की अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी सोलली गेलीच म्हणून समजा. वेगळी सेफ्टी नाही, घोडा अर्ध्यावर ठेवायचा एवढीच सोय. शिवाय चाप दाबून धरला आणि नुसती मूठ मागेपुढे केली, तरी प्रत्येक वेळी बार उडतो. आजच्या बंदुकीत ही वाट बंद केलेली असते. त्यामुळे नव्या बंदुकीची सवय झालेल्यानं जुनी हाती घेतली, तर आधी ती सवय सोडावी लागते.

एकच बंदूक, चार कायदे

जुनी बंदूक 'पुराणवस्तू' केव्हा होते? अमेरिकेचा संघीय कायदा म्हणतो, १८९८च्या अखेरीपर्यंत बनलेली असली की. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावर बनलेल्या दोन '९७' घेतल्या, तर डिसेंबर १८९८ची पुराणवस्तू आणि जानेवारी १८९९ची शस्त्र. ब्रिटननं २०२१च्या नियमांत १ सप्टेंबर १९३९ ही तारीख धरली, पण सोबत कोणत्या जातीची काडतुसं कालबाह्य मानायची याची यादीही जोडली.

आयर्लंडमध्ये पुरातन बंदूक केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवायला परवाना लागत नाही. पण बारा बोअरचं काडतूस आजही दुकानात मिळतं. त्यामुळे ते झाडणाऱ्या पंप ॲक्शनच्या मालकाला 'शोभेची' म्हणून सुटता येत नाही. त्याला परवाना हवा आणि परवान्यासाठी ती कशाला हवी याचं पटण्यासारखं कारण हवं. शिकार किंवा मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी हे कारण चालतं. भिंतीवर छान दिसते, हे कारण कमीच पडणार.

भारतीय शस्त्र अधिनियम १९५९नं तर मुळालाच हात घातला आहे. कालबाह्य घडणीचं किंवा पुराणमूल्य असलेलं शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. चारही कायद्यांची भाषा निराळी असली, तरी अमेरिकेची तारीख सोडली तर बाकीचे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. बंदुकीचं वय केवळ तिच्या जन्मसालावर ठरत नाही, तिच्यातून बार उडू शकतो का, यावर ठरतं. काडतूस मिळतंय तोवर बंदूक तरुण.

नासच्या संग्राहकाचा हिशेब

आयरिश कायद्याच्या या कडकपणाला इतिहास आहे. १९१९ ते १९२१च्या स्वातंत्र्ययुद्धात स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन छऱ्यांच्या बंदुका गोळा केल्या होत्या. मग यादवी झाली आणि नव्या राज्यानं १९२५ साली शस्त्र कायदा केला. शेतकऱ्याची बंदूक कोणत्या कामाला लागू शकते, हे त्या सरकारमधल्या लोकांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होतं. पुढे १९७२मध्ये, उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार भडकला असताना, पिस्तुलं आणि मोठ्या बोअरच्या रायफली 'तात्पुरत्या' जमा करायचा हुकूम निघाला. तो तात्पुरता काळ तीसेक वर्षं लांबला. छऱ्यांच्या बंदुका त्यातून वाचल्या, कारण त्या काढून घ्यायच्या म्हणजे अर्ध्या शेतकऱ्यांशी वैर.

आज नियम असा: प्रत्येक बंदुकीला स्वतंत्र परवाना, तीन वर्षांचा, शुल्क ८० युरो. पंप ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं बसत असतील किंवा नळी ६१ सेंटिमीटरहून आखूड असेल, तर ती 'निर्बंधित' वर्गात जाते आणि अर्ज आणखी वरच्या पोलीस अधिकाऱ्याकडे. '९७'च्या नळकांड्यात पाच काडतुसं बसतात. म्हणून मालकाला नळकांड्याची क्षमता कायमची कमी करून घ्यावी लागते. खंदकातली आखूड नळीची '९७' तर सरळ निर्बंधितच. बंदुका वाढल्या की पोलादी कपाट, आणखी वाढल्या की गजराची यंत्रणा. दहा बंदुकांचा संग्रह म्हणजे दहा परवाने आणि दहा वेळा सांगायचं कारण.

दुसरी वाट निकामी करून घेण्याची. पण २०१६पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांनुसार निकामी करणं म्हणजे आतली यंत्रणा कायमची मोडणं. मग जे बघायला बंदूक घ्यायची, ते खिळीचं येणंजाणं आणि घोड्याचं चढणंच संपतं. म्हणून जाणता संग्राहक बंदूक चालती ठेवतो, आणि चालती ठेवायची तर चालवावी लागते. संग्रह आणि नेमबाजी इथे कायद्यानंच एकमेकांच्या गळ्यात बांधली आहेत.

बार काढण्याआधी

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीच्या बारा बोअर '९७'ची काडतूस बसण्याची जागा सुमारे ६७ मिलिमीटर लांब, आणि आजचं सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचं. न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्यानं ते आखूड जागेतही बिनतक्रार बसतं. बार उडाला की दुमड उलगडते, पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छऱ्यांची वाट चिंचोळी होते आणि नळीतला दाब भलताच चढतो. बंदूक पहिल्या बाराला फुटणार नाही कदाचित. पण सांधे सैल होत जातात. त्यामुळे जुनी बंदूक आली की आधी जाणकार बंदूकसाजाकडून जागा मोजून घ्यायची, नळीची जाडी तपासायची, मग काडतूस निवडायचं. आयर्लंड-ब्रिटनमध्ये जुन्या दुनळ्यांसाठी ६५ मिलिमीटरची सौम्य काडतुसं आजही विकली जातात. ज्या दुनळीवाल्यांनी पंप ॲक्शनला नाकं मुरडली, त्यांच्या काडतुसांनीच तिला जगवलं म्हणायचं.

दुसरी अडचण नवी आहे. १५ फेब्रुवारी २०२३पासून युरोपीय संघात पाणथळ जागी आणि तिच्या १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे वापरायला बंदी आली. किल्डेअरमध्ये ॲलनची दलदल पसरलेली, म्हणजे बदकांच्या हंगामात हा नियम दारातच. पोलादी छर्रे जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळीला घातक. बिस्मथचे चालतात, पण खिशाला जड. त्यामुळे जुनी '९७' बहुधा कोरड्या जमिनीवर, तबकड्यांपुढे किंवा १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारीच्या हंगामात फेझंटच्या नरांवर चालते. अमेरिकेत तर जुन्या पश्चिमेच्या वेशातल्या 'काउबॉय' नेमबाजीनं उघड्या घोड्याच्या '९७'ला दुसरा जन्मच दिला.

आपल्याकडे

आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्याच सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर अजून बंदुका आहेत. त्यांत ठासणीच्याही आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि तेवढ्यात रानडुकरांनी भातात धुमाकूळ घालायचा, ही तक्रार कोकणाला नवी नाही. आयर्लंडच्या १९७२च्या हुकुमाची गोष्ट कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीचं दार बंद झालं. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्कानं आलेल्याही त्याच दोनात धरायच्या. चालत्या बंदुकांचा खासगी संग्रह आपल्याकडे त्यामुळे जवळपास अशक्य. उरतात ती पुण्याचं केळकर संग्रहालय किंवा कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं दालन यांसारखी ठिकाणं. दुसरीकडे ज्या काडतुसावर जुन्या बंदुकीचं तारुण्य टिकतं, ते बारा बोअरचं 'शक्तिमान' काडतूस पुण्यातल्या खडकीच्या कारखान्याचं. हा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे लॉर्ड मेयो व्हाइसरॉय झाला त्याच वर्षीचा. पंप ॲक्शन बंदूकही इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते.

म्हणजे बंदुका आहेत, काडतुसं आहेत, नाही ती नोंद. आजोबांची दुनळी किंवा एखाद्या संस्थानी घरातली विंचेस्टर ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होते तेव्हा परवान्याच्या कागदावर बोअर आणि क्रमांक राहतो. ती कुणी, कुठून, कोणत्या साली आणली, कशासाठी वापरली, हे कुठेच उतरत नाही. आयरिश व्यवस्थेचा जाच खरा, पण तिनं एक गोष्ट साधली: परवान्यावरच्या प्रत्येक जुन्या बंदुकीला जबाबदार मालक आहे आणि ती का ठेवली, याचं लेखी उत्तर आहे. आपल्याकडे ज्यांच्या घरी अशी बंदूक परवान्यानिशी आहे, त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री करावी, जाणकाराकडून काडतुसाची जागा मोजून घ्यावी, नळीवरची सगळी अक्षरं उतरवून काढावीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिचा इतिहास विचारून तारखेनिशी लिहून ठेवावा. दोनाच्या मर्यादेत तिसरी बसणार नाही आणि ती द्यावीच लागेल. पण तिच्याबरोबर तिची माहितीही सरकारजमा झालीच पाहिजे, असं कुठलाही कायदा सांगत नाही.