वॉटरक्रेसला १०० पैकी १००, पण कशात?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: वॉटरक्रेस ही जगातली नंबर एक भाजी, रोज खा, कॅन्सर पळतो. काकांचा लगेच फोन, "ऑनलाइन मागवू का रे?"

वॉटरक्रेस म्हणजे वाहत्या पाण्यात वाढणारा, मोहरीच्या कुळातला पाला. आपल्या हळिवाचा चुलतभाऊच म्हणा.

आधी तो नंबर बघू. २०१४ साली अमेरिकेत जेनिफर डी नोया यांनी १०० कॅलरीमागे १७ पोषकद्रव्यं किती मिळतात, यावरून भाज्या-फळांना गुण दिले. वॉटरक्रेसला पैकीच्या पैकी. पण गंमत छेदात आहे! या पाल्यात १०० ग्रॅमला जेमतेम ११ कॅलरी, म्हणजे १०० कॅलरीसाठी जवळपास ९०० ग्रॅम पाला चावायचा. आपण खाणार मूठभर.

आता कॅन्सर. पान चावलं की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि पीईआयटीसी नावाचं झणझणीत रसायन तयार होतं. उकळलं की एन्झाइम निकामी, म्हणून अभ्यासात पाला कच्चाच देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अल्स्टर विद्यापीठाच्या प्रयोगात ६० निरोगी माणसांनी ८ आठवडे रोज ८५ ग्रॅम खाल्ला. पांढऱ्या रक्तपेशींमधलं डीएनएचं नुकसान १७ टक्क्यांनी घटलं. छानच की! पण कुणाचा कॅन्सर टळला किंवा बरा झाला का, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

आणि काका वॉरफरिनवर आहेत. या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, ते नेमकं त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हटलं, "काका, ऑर्डर थांबवा, आधी डॉक्टरांना विचारा." तर म्हणाले, "कार्टमध्ये टाकलंय रे, काढायचं कसं ते सांग."