आधी बंद पडू दे

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका गॅरेजात पद्मिनी आली ती व्यवस्थित चालत, आणि नेमकी हीच अडचण होती. बदलापूरहून काका स्वतः चालवत आले होते. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. गाडी 1986 ची, पहिल्यापासून घरातलीच. तक्रार अशी, की बदलापुरातून छान सुटते, आठ-दहा किलोमीटरवर झटके खायला लागते आणि मग बंद. पंधरा-वीस मिनिटं बाजूला उभी केली की पहिल्या सेल्फला चालू. कधी अंबरनाथच्या पुलाच्या चढावर दगा देते, तर कधी कल्याणला जाऊन येईपर्यंत शिंकतसुद्धा नाही.

काकांनी बिलांची पिशवी पुढे केली. कार्बोरेटरचं किट, नवा पेट्रोल पंप, कॉइल, प्लग, पॉइंट, सगळं बदलून झालेलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर आठवडाभर गाडी गुणी, मग पुन्हा तेच. गॅरेजच्या मिस्त्रींनी बिलं नीट वाचली आणि परत दिली. "बॉनेट आत्ता उघडत नाही काका. आधी बंद पडू दे."

मला हे वाक्य फार आवडलं. मधूनमधून येणाऱ्या दोषात मेकॅनिकचा घात त्याची घाईच करते. गाडी चालू असताना पाना लावला की काहीतरी हलतंच. नळी निघते, बसते, अडकलेला कचरा सरकतो आणि गाडी चार दिवस सुधारते. श्रेय मिळतं नव्या पार्टला. पार्ट बदलण्याला दुरुस्ती म्हणायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की 'काय बदललं?' असंच गिऱ्हाईकही विचारतं. 'काय झालं होतं?' असं सहसा कुणी विचारत नाही.

मिस्त्रींची उमेदवारी मुंबईच्या टॅक्सींवर झाली. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून निघणाऱ्या फियाटला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं आणि पुढची काही दशकं काळीपिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण झालं. याच कंपनीचा दुसरा कारखाना आमच्या बाजूला, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो गाड्या जुळत. कारखाना गेला, लोकांच्या तोंडी 'प्रीमिअर मैदान' राहिलं. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली. तिच्यासोबत रोज अशाच गाड्यांवर हात चालवणाऱ्यांची रोजीही संपत आली. हे मिस्त्री आता रिक्षा आणि छोटे टेंपो करतात. पद्मिनी आली तर खुशीने घेतात.

इंजिन साधं, 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. पेट्रोलचा मार्गही साधाच. टाकी मागे, तिच्यात तळापर्यंत सोडलेली नळी, गाडीच्या पोटाखालून पुढे येणारा धातूचा पाइप, मध्ये रबरी जोड, इंजिनाच्या अंगाला लावलेला पंप आणि वर कार्बोरेटर. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पंप चालवतो कॅमशाफ्ट. त्याच्या पोटातला रबरी डायफ्राम खालीवर होतो, मागून पेट्रोल खेचतो, पुढे ढकलतो. टाकी ते पंप हा भाग खेचणीचा, पंप ते कार्बोरेटर हा ढकलणीचा. हा फरक ध्यानात ठेवायचा. ढकलणीच्या बाजूला नळी चिरली तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, डोळ्यांना दिसतं. खेचणीच्या बाजूला चिरली तर थेंबही बाहेर येत नाही. उलट हवा आत जाते आणि वरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं.

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी प्रश्न विचारले. बंद पडताना कशी पडते, एकदम की कुंथत कुंथत? स्विच बंद केल्यासारखी खटकन गेली तर संशय करंटवर. कंडेन्सर तापला की दगा देतो, गार झाला की सुधारतो आणि पेट्रोलवर आळ येतो. काका म्हणाले, कुंथत, मागे ओढल्यासारखी. पहाटे गारव्यातही होतं का? होतं. मग पेट्रोलची नळीतच वाफ होऊन अडकण्याची शक्यता कमी झाली. ती एप्रिल-मेच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर छळते, आणि पंपावर ओलं फडकं टाकलं की तेवढ्यापुरती सुटते. शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. "टाकीत पेट्रोल किती ठेवता?" काका म्हणाले, पाचशेचं टाकतो. फक्त लांब जायचं असलं की फुल. नाशिकला गेलो तेव्हा काहीच झालं नाही. "आणि गॅरेजमधून गाडी आणल्यावर?" ट्रायलसाठी फुल करायचो, काका म्हणाले. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. आठवडाभर गुणी राहणाऱ्या गाडीचं कोडं त्यांच्यापुरतं तिथेच निम्मं सुटलं होतं.

आम्ही निघालो. अंबरनाथपर्यंत काही नाही. बदलापूरकडे जाऊन परत फिरलो. चढाला आवाज जड झाला, गाडीने दोन-तीन झटके खाल्ले आणि मिस्त्रींनी ती मोमेंटमवरच कडेला घेतली. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. आता मात्र हात भरभर चालले, कारण वीस मिनिटांत पुरावा आपोआप नाहीसा होणार होता.

सगळ्यात आधी मागे जाऊन टाकीचं झाकण. टाकीचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल कमी होईल तशी आत ओढ तयार होते आणि पंपाला खेचवेनासं होतं. अशा वेळी झाकण फिरवताच सुस्स आवाज येतो. कान लावून फिरवलं. आवाज नाही. मग बॉनेट. एअर क्लिनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघत एक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली. एरवी पेट्रोलची बारीक धार उडते. उडाली नाही. म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी, आणि करंट निर्दोष. या वाटीत पेट्रोल मावतं ते थोडंच, पण पुरवठा तुटल्यावरही गाडी त्यावर काही अंतर जाते. सपाट रस्त्यावर, निम्म्या पुरवठ्यावरही भागतं; चढाला इंजिन जास्त मागतं आणि तूट उघडी पडते. त्यामुळे बंद पडण्याची जागा हीच बिघाडाची जागा मानून चालत नाही. काका पुलालाच दोष देत होते.

कॉइलची मधली वायर काढून ठेवली, ठिणगी नको म्हणून. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली आणि काकांना सेल्फ मारायला सांगितला. ठोक्याठोक्याला जोरदार पिचकाऱ्या यायला हव्या होत्या. आला तो फेस आणि चार थेंब. पंप गेला? इथे कुणीही दुसरा नवा पंप आणायला माणूस पाठवला असता. मिस्त्रींनी पंपाची मागची नळी काढली, तिच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवलं. पुन्हा सेल्फ. या वेळी पिचकाऱ्या अशा उडाल्या की गॅरेजातल्या पोराचा शर्ट भिजला. पारदर्शक नळीत बुडबुडे नव्हते. पंप चांगला. दोष पंपाच्या मागे, खेचणीच्या बाजूला.

राहिले दोन संशयित, वाटेतली नळी किंवा टाकी. टाकीकडे जाणाऱ्या पाइपात सायकलच्या पंपाने हवा मारली, झाकण उघडं ठेवून. पाइप पंपापासून सुटा केलेला होता, नाहीतर डायफ्रामच फाटायचा. दोन दट्टे जड गेले, तिसरा एकदम हलका झाला आणि मागून टाकीत गुडगुड ऐकू आली. नळ्या जोडल्या, गाडी चालू. हवेने काहीतरी मागे लोटलं होतं.

गॅरेजात टाकी उतरवली. पेट्रोल फडक्यातून गाळलं तेव्हा गंजाचे कण निघाले, ते अपेक्षितच. त्यांच्यात तपकिरी, पातळ, लवचीक पापुद्रे होते, नखाएवढे, एखादा रुपयाएवढा. कधीतरी गळती बंद करायला टाकीला आतून लेप दिला होता. तो सुटत होता. पापुद्रा पेट्रोलात तरंगतो, खेचणीबरोबर नळीच्या तोंडाशी येतो आणि दुधाची साय गाळणीला चिकटते तसा बसतो. इंजिन थांबलं की ओढ संपते, पापुद्रा सुटून खाली जातो. काकांची पंधरा मिनिटं ही. टाकीत पेट्रोल तळाला असलं की हिंदकळणं जास्त, पापुद्रे नळीभोवतीच घोटाळतात. फुल टाकीत ते पांगतात.

लेप आत्ताच का सुटावा? मिस्त्रींचं बोट इथेनॉलकडे. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल 2023 पासून विकायला आलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, जुने लेप आणि चिकटा सैल करतं, पाणी शोषून घेतं. बदलापूरचा पाऊस, महिनोन्‌महिने उभी गाडी, अर्धी रिकामी टाकी. आत ओल धरायला आणखी काय हवं? लेपाची प्रतही हलकी असेल, तो दोष सरसकट इथेनॉलवर ढकलावा असं मला वाटत नाही. पण 1986 च्या गाडीची रबरं आणि लेप हे पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनले नव्हते, एवढं खरं.

टाकीत मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून ती मिस्त्रींनी आणि पोराने आलटून पालटून हलवली. ते काम कंटाळवाणं, घामाचं आणि लांबलचक. लेपाचा उरलेला थर खरवडून निघेपर्यंत चाललं. गंज धुतला, टाकी उन्हात वाळवली. वेल्डिंगचं नाव कुणी काढलं नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक. रबरी जोड इथेनॉल सोसणाऱ्या नळीचे घातले, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला. महिनाभर तो रोज बघायचा, तपकिरी दिसला की बदलायचा, असं काकांना बजावलं.

काकांनी सवयीने विचारलंच, "मग बदललं काय?" मिस्त्रींनी उलट विचारलं, आधीचा कंपनीचा पंप काय केला? तो डिकीत पिशवीत होता. काकांनी टाकला नव्हता. मिस्त्रींनी तो खोलला, झडपा बघितल्या, डायफ्राम कडक झाला होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून मिळतो, नाही मिळाला तर इथे कॅम्पात शीट कापून करू, असं म्हणून त्यांनी तो पंप फळीवर ठेवला आणि जुन्या डायफ्रामचं माप कागदावर उतरवून घेतलं.